कांदाचाळीतली पद्मिनी

नाशिकमध्ये कोणाच्या दारातली जुनी गाडी चालू झाली नाही, हे आम्हाला दसऱ्याच्या दिवशी सकाळी कळतं. आदल्या दिवशी गाडी धुऊन झालेली असते, हळदकुंकू लागलेलं असतं, बॉनेटवर झेंडूचा हार असतो. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, घरातलं थोरलं माणूस कौतुकाने किल्ली फिरवतं आणि आतून नुसतं ‘टक्’ होतं. मग गॅरेजला फोन. “चाचा आहेत का? आमच्या अण्णांची फियाट जरा बघायची होती.”

जुन्या गाड्यांच्या गॅरेजचा हंगाम असा दसऱ्याला उघडतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास मिटतो. मी तिथे पाना धरत नाही. पार्ट शोधून आणणं, टर्नर-पेंटरच्या दारात बसून काम करून घेणं आणि बिलं लिहिणं एवढं माझ्याकडे. बाकी सगळं चाचांचं, म्हणजे आमच्या मिस्त्रींचं. लग्नाच्या मांडवात किंवा गंगापूर धरणाच्या काठावर प्री-वेडिंगच्या फोटोत एखादी पद्मिनी चकाकताना दिसली की लोक रंगाची तारीफ करतात. रंग हा आठवडाभराचा खेळ. उरलेला हिवाळा कुठे खर्ची पडतो, ते एका गाडीच्या निमित्ताने सांगतो. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, मालक निफाडकडचे द्राक्षबागायतदार आणि मुदत लेकीच्या लग्नाची, म्हणजे फेब्रुवारीअखेरची.

थंडीच का?

अमेरिकेत आणि उत्तर युरोपात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीचा पत्रा खातं. म्हणून तिकडचे हौशी लोक हिवाळा आला की जुनी गाडी झाकून ठेवतात आणि वसंतात बाहेर काढतात. आपल्याकडे झाकून ठेवायचे महिने म्हणजे पावसाळ्याचे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. नाशिक शहरात त्या मानाने बराच कमी, पण हवेतला दमटपणा चार महिने हटत नाही. अशा हवेत पत्राकाम केलं तर पुट्टी ओल धरते, आणि वर कितीही चांगला रंग मारा, काही महिन्यांत फोड येतात. ड्यूको पद्धतीच्या जुन्या रंगाचं दुखणं वेगळं. त्यातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प ओल्या रंगावर धरतं आणि चकाकी जाऊन सगळं दुधाळ दिसायला लागतं.

नाशिकची थंडी कोरडी, त्यामुळे ही दोन्ही संकटं टळतात. पण तिचेही नखरे आहेत. निफाडला पारा पाच अंशांखाली घसरतो त्या दिवसांत पहाटे गाडीवर दव असतं आणि संध्याकाळी रंग सुकायचं नाव घेत नाही. आमचा पेंटर डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकराच्या आधी गनला हात लावत नाही आणि चारनंतर लावू देत नाही. दिवसाचे पाच तास. त्यातही वारा सुटला तर तो गन धुऊन ठेवतो आणि चहाला जातो. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

मोरचूद

पद्मिनी पहिल्यांदा पाहायला आम्ही निफाडकडे त्यांच्या मळ्यात गेलो. वडील गेल्यापासून ती एका शेडमध्ये उभी होती. वरून धूळ झटकली तर बरी दिसत होती. टप सरळ, दरवाजे लागत होते, काचा शाबूत. मालक खुशीत होते. “चाचा, फार काम निघणार नाही असं वाटतंय.”

चाचा काही बोलले नाहीत. गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसता टॉर्चचा उजेड हलताना दिसत होता. मग हात बाहेर आला. बोटावर निळसर हिरवी पावडर.

“दादा, इथे काय ठेवता तुम्ही?”

शेडच्या त्या भिंतीला टेकून फवारणीची औषधं ठेवायचे. डावणीसाठी बोर्डो मिश्रण करायचं तर मोरचूद आणि चुना लागतोच, त्या गोण्याही तिथेच. कधीतरी एक फुटली असणार. पावडर जमिनीवर सांडली, पावसाळ्यात ओल आली आणि मोरचुदाचं पाणी गाडीच्या खालच्या पत्र्याला लागत राहिलं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं पाणी लोखंडाला लागलं की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळत जातं. शाळेत ब्लेड बुडवून हाच प्रयोग करतात.

चाचांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर खालून टेकवला. ठोकावा लागला नाही. मुठीपर्यंत आत गेला आणि त्याचं टोक आत मॅटवर आलं. मालकांनी वाकून पाहिलं आणि मग बराच वेळ कोणी खुशीत नव्हतं.

परतताना चाचा म्हणाले, “गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते. पण उभी कुठे केली, तेही बघायला पाहिजे ना.”

चाळ रिकामी होती

गॅरेजमध्ये लगेच जागा नव्हती. पत्राकामाला आधीच दोन गाड्या उघडून ठेवलेल्या. महिनाभर तरी पद्मिनी मळ्यातच ठेवणं भाग होतं, पण त्या शेडमध्ये एक दिवसही नको होती. चाचांनी चौफेर नजर टाकली आणि बोट दाखवलं कांदाचाळीकडे.

मालकांना आधी थट्टा वाटली. पण विचार केला तर याहून चांगली जागा तालुक्यात सापडली नसती. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरतो आणि दिवाळीच्या सुमाराला चाळ रिकामी होत जाते. नेमके तेच महिने आमच्या कामाचे. कोंदट हवेत कांदा सडतो, म्हणून चाळीची सगळी रचनाच वाऱ्यासाठी असते. बाजूंना भिंती नाहीत, पट्ट्या. वर छप्पर पुढे आलेलं, म्हणजे ऊन-पाऊस आत येत नाही. कांद्याला जे मानवतं, ते पत्र्यालाही मानवतं. ही चाळ दुपाखी होती आणि मधली वाट ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद.

गाडी तिथे ढकलत नेली, आणि मग चाचांचे नियम सुरू झाले. हातब्रेक ओढायचा नाही, कारण महिनाभरात ब्रेक-शू ड्रमला चिकटतो. चाकांना विटा लावायच्या. चारी बाजूंनी लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार काढायचा. बॅटरी उतरवून घरात न्यायची. टाकी रिकामी करायची. चारी प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं. आणि प्लास्टिकची ताडपत्री अजिबात नको. तिच्या आत रात्री घाम धरतो आणि पत्रा रोज पहाटे ओला होतो. सुती काहीतरी पाहिजे. तेव्हा घरातल्या आजींनी ट्रंकेतून जुनी लुगडी काढून दिली. ती जोडून शिवली आणि पद्मिनी महिनाभर नऊवारीत उभी राहिली.

गाडी गॅरेजला आल्यानंतर कित्येक दिवस डॅशबोर्डच्या फटींतून, डिकीच्या कोपऱ्यातून कांद्याची टरफलं निघत होती. पेंटरने तर लेखी हमी मागितली की आता एकही उरलेलं नाही.

उंदरांनी वाचलेलं आरसी बुक

या गाडीचं आरसी बुक सापडत नव्हतं. कपाटं, ट्रंका, देवघरातला डबा, सोसायटीच्या कर्जाच्या फायली, सगळं उलथून झालं. दोन भावांत त्यावरून थोडी कुरबूरही झाली.

मागची सीट उचलली तेव्हा उलगडा झाला. सीटखाली उंदरांचं ऐसपैस घर होतं. काथ्या, कापूस, वायरींची रंगीत सालं आणि कागदाचा बारीक चुरा. चुऱ्यात एका तुकड्यावर आरटीओच्या शिक्क्याची अर्धी गोलाई दिसत होती. रेक्झिनचं कव्हर तेवढं उरलं होतं. सगळं कुटुंब हसत सुटलं आणि भावांची कुरबूर तिथेच मिटली.

दुय्यम आरसीसाठी फॉर्म नंबर २६ भरतात. त्यात पुस्तक हरवलं की नष्ट झालं, हे सांगावं लागतं. मालकांचा आग्रह होता की खरं कारण लिहायचं. मी अर्ज लिहिला तो असा: “सदर पुस्तक वाहनात ठेवले असता उंदरांनी कुरतडून नष्ट केले आहे.”

वायरिंगचीही तीच गत होती. नव्या गाड्यांसारखं जोडून मिळणारं तयार वायरिंग इथे चालत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने कुरतडलेलं जुनं वायरिंग अखंड काढून एका प्लायवूडवर पसरलं. जिथे जिथे फाटा फुटतो, तिथे खिळा ठोकला. मग खिळ्यांच्या वाटेने एकेक नवी वायर ओढत गेला. जुनीचा रंग दिसला तर तोच रंग, नाही दिसला तर टेप लावून खूण. हेडलाइट, हॉर्न, डायनामो, साइड सिग्नल असं करत पूर्ण सांगाडा प्लायवर उभा राहिला, मग काळ्या टेपने गुंडाळून गाडीत गेला. हे काम कोणत्याही फोटोत येत नाही. डॅशबोर्ड बसला की संपलं.

वालचंदशेठचा फेरा

पद्मिनी बंद होऊन दोन तपं उलटली. फियाटच्या ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनणारी ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि नव्या शतकाच्या तोंडावर थांबली. तरी पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सी रोज झिजत होत्या, म्हणून दुकानदार माल भरत होते. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून ऑपेरा हाउसच्या, कुर्ल्याच्या दुकानांत मागचं रॅक दाखवत मालक म्हणतात, “हे संपलं की संपलं.” मी रबर बिडिंग, एसी पंपाचा डायफ्राम, सीबी पॉइंट असली जिन्नस दिसेल तिथे घेऊन ठेवतो, गाडी आलेली असो वा नसो.

जे मिळत नाही, ते बनवावं लागतं. इथे नाशिक उपयोगी पडतं. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी या गावात लेथवर हात बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार केली. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचे बुश पार भुगा झाले होते. ते करून दिले ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ज्या हातांनी लढाऊ विमानाचे भाग मापात बसवले, त्या हातांत पद्मिनीचा बुश. जुना बुश व्हर्निअरमध्ये धरून ते म्हणाले, “हा आधी कोणी बनवलाय? दोन्ही टोकांना माप वेगळं आहे.” आणि कारखान्याच्या मूळ बुशापेक्षा चांगला करून दिला. पैसे घेताना त्यांनी रावळगावची एक गोळी माझ्या हातावर ठेवली.

ती गोळी चघळत परतताना लक्षात आलं की हे सगळं एकाच माणसाच्या खात्यावर आहे. वालचंद हिराचंद. सोलापूरचे. १९३३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात त्यांनी रावळगावचा साखर कारखाना काढला, गोळ्या-चॉकलेटं पुढे तिथूनच आली. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. ती सरकारकडे गेली आणि तिचीच पुढे एचएएल झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. गाडी त्यांची, बुश करणारा हात त्यांनी सुरू केलेल्या कंपनीच्या वंशातला आणि तोंडातली गोळीही त्यांचीच. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग बिल त्यांनाच पाठव.”

इंजिन हललं

या गाडीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरी इंजिन साधंसरळ. पण इतकी वर्षं उभं राहून ते जाम झालं होतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरल्या होत्या. अशा वेळी घाईने सेल्फ मारला किंवा गाडी गियरमध्ये टाकून ओढली, तर रिंग तुटते आणि लायनरला ओरखडे पडतात. चाचांनी चाळीतच प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडून ठेवलं होतं. मळ्यातल्या गड्याला पुलीच्या नटावर पाना लावून रोज थोडा जोर द्यायला सांगितलं होतं, तोही दोन्ही बाजूंनी, अगदी बेताने.

एके दिवशी सकाळी सकाळी मालकांचा फोन आला. बोलताना आवाज चढला होता. मला वाटलं काहीतरी तुटलं. “चाचांना द्या, चाचांना द्या. इंजिन हललं!” चाचांनी फोन घेतला आणि शांतपणे विचारलं, “किती?” उत्तर आलं, “बोटभर.” त्या बोटभरावर मालकांनी गड्याला जेवण घातलं.

निळी की पांढरी

पत्राकाम झालं, खालचा पत्रा नवा बसला, दरवाज्यांच्या तळाची पाणी जायची बुजलेली भोकं मोकळी झाली, पुट्टी घासून प्रायमर चढला. आता रंग. पेंटरने विचारलं, मूळ रंग कोणता?

मालक म्हणाले, फिकट निळा. थोरल्या बहिणीचा सासरहून फोन: पांढरी होती, मी त्यातून शाळेच्या गॅदरिंगला गेले आहे. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, निळीच, पण तुझ्या जन्माआधी. घरातले सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट.

अशा भांडणात आम्ही साक्षीदार म्हणून गाडीलाच उभं करतो. उन्हाचा, धुण्यापुसण्याचा आणि नंतरच्या पेंटरचा हात जिथे पोचत नाही, अशा जागा असतात: स्पीडोमीटरच्या मागे, दरवाज्याच्या आतल्या पॅडखाली, डिकीच्या मॅटखाली. दरवाज्याचं पॅड काढलं तर पांढरा निघाला. बहीण जिंकली. चाचांनी स्पीडोमीटर उतरवून आत टॉर्च मारला तर तिथे फिकट निळा. म्हणजे कारखान्यातून निळी आली, मग केव्हातरी, पॅडं उतरवून, पांढरी झाली. आजी दोघांपेक्षा जास्त बरोबर होत्या.

निळीच केली. रंग मारायच्या दिवशी धूळ बसावी म्हणून गॅरेजची जमीन पाण्याने भिजवली, शटर अर्धं ओढलं, पंखे बंद. पेंटरने अकराला सुरुवात केली आणि दोनच्या सुमाराला तो हसला. तो हसला की काम झालं असं समजायचं.

पेट्रोल आणि पाटी

दोन गोष्टींवर मालकांशी खूप बोलावं लागलं. पहिली पेट्रोलची. आता देशभर पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी जमतं आणि टाकी आतून गंजते. पद्मिनीच्या काळातली रबरं या पेट्रोलसाठी केलेलीच नव्हती. पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्यात मऊ पडतात. म्हणून सगळे पाइप आम्ही आजच्या पेट्रोलला टिकणारे घातले आणि टाकी गरजेपुरतीच भरायला सांगितली.

दुसरी पाटीची. मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं की जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास विंटेज नंबर मिळतो. २०२१ च्या नियमांनुसार मिळतो, पण पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत. या गाडीला २०२८ उजाडेल. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढंच.

“मग वणीला नाही नेता येणार?”

“नाही.”

“मग काय करायचा तो नंबर?” त्यांनी विषय बंद केला आणि नेहमीचं फेरनोंदणीचं काम आरटीओत लावलं.

हप्ता

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दरवर्षी शाही दसऱ्याला बाहेर पडते. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी अजून स्वतःच्या चाकांवर येते, याचं गुपित चाचा एका वाक्यात सांगतात: तिला दरवर्षी यावंच लागतं. मुहूर्त ठरलेला असला की माणसं आधी महिनाभर गाडीला हात लावतात. घरच्या पद्मिनीला असा मुहूर्त नसतो. लग्न झालं, फोटो निघाले की ती पुन्हा शेडमध्ये जाते, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा ‘टक्’.

लग्न थाटात झालं. नवरीची पाठवणी पद्मिनीतूनच. बिल मात्र निम्मं बाकी होतं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. नाशिकमध्ये बागायतदाराचा पैसा छाटणीपासून जात राहतो आणि द्राक्षं उतरल्यावर येतो. लग्नाच्या सुमाराला काढणी अजून चालूच होती. मालक संकोचून म्हणाले, “चाचा, राहिलेले थोडे थांबून दिले तर?”

“थांबून कशाला? हप्त्याने द्या. महिन्याला एक. पण मोबाइलवरून पाठवायचे नाहीत. स्वतः आणून द्यायचे, ह्याच गाडीतून.”

“आणि पावसाळ्यात?”

“उघडीप बघून यायचं. हप्ता चुकवायचा नाही.”

मार्चअखेर व्यापाऱ्याकडून पैसे सुटले. मालक निळ्या पद्मिनीतून आले आणि सगळी बाकी एकदम टेबलावर ठेवली. चाचांनी त्यातून एक हप्ता मोजून घेतला, बाकीच्या नोटा परत त्यांच्या खिशात कोंबल्या आणि मला म्हणाले, “ह्यांची पुढची तारीख लिही.”